उतरत्या पाण्याचा काठ

उजनी धरणाचा साठा शून्य टक्क्यांवर आला, अशी बातमी उन्हाळ्यात वाचली की धरण कोरडे पडले असे शहरातल्या वाचकाला वाटते. प्रत्यक्षात त्या दिवशी उजनीत ६३ टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त पाणी असते. पुण्याला पाणी पाजणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावते. यावरून उजनीच्या पसाऱ्याचा अंदाज यावा. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी. त्यातले ५३.५७ टीएमसी सरकारी कागदावर 'उपयुक्त' आणि उरलेले 'मृत'. पण हे मृत पाणीही उपसले जाते आणि मग धरणाची टक्केवारी शून्याच्या खाली उतरत जाते. इंदापूर तालुक्यात चहाच्या टपरीवर बसा, उन्हाळाभर 'धरण उणेत गेलं' हे वाक्य कानावर येत राहते. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठच्या घरात पोहोचले होते आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरूनही गेले.

एवढा चढउतार करणाऱ्या पाण्याच्या काठावर जे कोणी राहते, ते या चढउताराचा हिशेब धरूनच राहते. परदेशातून येणारे पक्षी तसे राहतात, जाळी टाकणारे तसे राहतात आणि ज्यांची गावे या पाण्याखाली गेली ते शेतकरीही. म्हणून भिगवणला फ्लेमिंगो पाहायला निघालेल्या मित्रांना मी नेहमी एकच सुचवतो. दुर्बीण आणि कॅमेरा घ्याच, पण त्याआधी उजनीची टक्केवारी बघा. तुम्हाला तिथे काय दिसणार, ते त्या आकड्यावर ठरते.

धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ. अडीच किलोमीटर लांबीची, एक्केचाळीस दरवाजांची. ७ मार्च १९६६ रोजी यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते कामाची पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये धरण पूर्ण झाले. जलाशयाला त्यांच्याच नावावरून यशवंत सागर म्हणतात, मात्र काठावर हे नाव फलकांपुरतेच ऐकू येते. लोक 'धरण' म्हणतात, नाहीतर 'बॅकवॉटर'. भिंत सोलापूरची असली तरी फुगवटा भीमेच्या पात्रातून मागे मागे सरकत इंदापूर तालुक्याची सबंध उत्तर बाजू व्यापतो आणि दौंडच्या हद्दीत शिरतो. पलीकडच्या तीरावर करमाळा. इंदापूरच्या दक्षिणेला नीरा वाहते. भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका, आणि त्याच्या पश्चिमेला बारामती. नकाशावर हा सगळा मुलूख पाण्याने वेढलेला दिसतो. जमिनीवर उतरलात की कळते, इथला पाऊस जेमतेम आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा टापू. इथले पाणी आभाळातून पडलेले नाही, वरून वाहून आलेले आहे. भीमाशंकरच्या डोंगरात, मुळशी-मावळात, वेल्ह्यात पडलेला पाऊस इथे येऊन थांबतो. म्हणून पावसाळ्यात काठावरचा माणूस स्वतःच्या गावातल्या पावसाची चौकशी करीत नाही. तो विचारतो, दौंडचा विसर्ग किती?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत, पाटस, कुरकुंभ मागे टाकत शंभरेक किलोमीटर आले की भिगवण. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मासळीच्या खाणावळी सुरू झाल्या की पाणी जवळ आले असे समजावे. भिगवणच्या मासळी बाजारात पहाटेपासून क्रेट उतरू लागतात. त्यांत चिलापी सर्वांत जास्त. हा मासा मूळचा आफ्रिकेचा. तो उजनीत असा काही बोकाळला की आता या पाण्याची ओळखच होऊन बसला आहे. काट्यांचा त्रास कमी, तळून खायला चांगला, भाव परवडणारा. त्याच्याबरोबर कटला, रोहू, मृगळ येतात. मरळ आणि वांब आले तर त्यांना वेगळा भाव. जुने मासेमार सांगतात की नदीच्या वेळची कितीतरी गावठी मासळी आता जाळ्यात येत नाही. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लेसुद्धा ओढून काढली जातात, त्याबद्दल तर सगळेच बोलतात. पिल्लू उचलले की पुढच्या वर्षीचा मासा गेला, एवढा साधा हिशेब आहे. पण रोजच्या पोटाची घाई तो करू देत नाही, आणि त्यावर लक्ष ठेवायला हव्या असलेल्या यंत्रणेची बोट पाण्यात क्वचितच दिसते.

भिगवणपासून थोडे आत गेले की कुंभारगाव. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे पक्षी पाहायला येणारे म्हणजे मूठभर अभ्यासक. आज हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे साडेपाचला काठावर गाड्यांच्या रांगा असतात. ज्या होड्या पूर्वी फक्त जाळी घेऊन जात, त्यांतल्या बऱ्याच आता पाहुणे घेऊन जातात. वल्हे मारणारी मुले मासेमारांच्याच घरांतली. पक्ष्यांची इंग्रजी आणि मराठी नावे त्यांना सारख्याच सफाईने येतात, आणि कुठल्या उथळ पट्ट्यावर आज काय उतरले आहे हे त्यांना होडी सोडण्याआधीच ठाऊक असते. दुपारी त्यांच्याच घरी चुलीवरचे कालवण आणि भाकरी मिळते. पर्यटनाचा पैसा मोठ्या हॉटेलवाल्याच्या गल्ल्यात न जाता थेट मासेमाराच्या ओसरीवर उतरावा, असे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी घडले आहे. कुंभारगावाने ते कुठल्याही योजनेची वाट न पाहता घडवले, म्हणून या गावाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

होडी काठापासून सुटते तेव्हा पाण्यावर धुके असते. पहिले दिसतात ते वारकरी, काळे, पांढऱ्या कपाळाचे, थव्याने पाणी चोखाळणारे. मग बाभळीच्या बुडालेल्या खोडांवर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. नदीसुरय पाण्याच्या इतक्या जवळून उडत जातात की त्यांच्या पिवळ्या चोची नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गुलाबी लांब पायांचे शेकाटे चिखलात टोचे मारीत असतात, चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत असतात. चक्रवाकांची जोडी दिसते. पट्टकदंब दिसले तर होडी थांबवून पाहावे, कारण हा हंस हिमालय ओलांडून आलेला असतो. तिबेट आणि मध्य आशियातली सरोवरे गोठू लागली की तो दक्षिणेकडे निघतो. वर कुठेतरी खांबावर ऑस्प्रे बसलेली असते. तिची झडप पाहायला मिळाली तर दिवस सार्थकी लागला.

आणि रोहित. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव लोकांच्या तोंडी अधिक बसले आहे. भिगवणला येतो तो मुख्यतः मोठा रोहित. हे पक्षी कच्छच्या रणात वीण करतात आणि पुढे उथळ पाण्याच्या शोधात हिंडत इथवर येतात. रोहिताची मान आणि पाय लांब. चोच उलटी करून, डोके पाण्यात खाली घालून तो चिखलाचे पाणी गाळतो आणि त्यातले शेवाळ, बारीक कवचधारी जीव, कीटकांच्या अळ्या खातो. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. त्याला वितभर ते हातभर पाणी लागते. याहून खोल पाण्यात पोहता येत असले तरी त्याचे पोट भरत नाही.

इथे टक्केवारीचा मुद्दा पुन्हा येतो. उजनी एकशे दहा टक्के भरलेले असते तेव्हा काठाची सगळी सपाट जमीन खोल पाण्याखाली असते आणि रोहिताला उभे राहायला जागाच नसते. ज्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबतो आणि धरण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत तुडुंब राहते, त्या वर्षी पक्षी उशिरा येतात, पसरून बसतात किंवा आसपासच्या लहान तलावांकडे वळतात. पुण्याहून आलेली माणसे मग निराश होऊन परततात. 'यंदा पाणी भरपूर आहे, मग पक्षी का नाहीत?' हा प्रश्न नावाड्यांना दर वर्षी ऐकावा लागतो. उत्तर असे की पाणी भरपूर आहे म्हणूनच नाहीत. जानेवारी ते मार्च कालव्याने आणि नदीने पाणी खाली सोडले जाते, पातळी बोटाबोटाने उतरते, रोज नवी चिखलाची पट्टी उघडी पडते आणि त्या पट्टीवर जीवांची मेजवानी असते. उजनीची शोभा या उतरत्या काठावर आहे. धरणाचा सगळा व्यवहार भिंतीपाशी, दरवाजांपाशी आणि कालव्याच्या तोंडापाशी चालतो. जीव मात्र इथे मागे, फुगवट्याच्या उथळ कडेला असतो.

हीच उघडी पडलेली जमीन माणसेही कसतात. पाणी मागे हटले की गाळाच्या ओलीवर पेरलेले पीक म्हणजे गाळपेर. पुन्हा पाणी चढायच्या आत काढून घ्यायचे. ती जमीन सरकारजमा झालेली, पाटबंधारे खात्याच्या मालकीची; पण पेरणाऱ्याच्या आज्याची. पाणी उतरले की घराचे जोते, विहिरीचा कठडा, देवळाचा चौथरा वर येतो, आणि कुणाचे घर कुठे होते ते गावातली म्हातारी माणसे बोट दाखवून सांगतात. धरणाने इंदापूर, करमाळा, दौंड या भागांतली पन्नासच्या वर गावे उठवली. काठच्या गावांच्या नावांत आजही जुने आणि नवे असा भेद बोलण्यात येतो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कितींना मोबदल्याची जमीन लांब, दुसऱ्याच गावात मिळाली. काहींनी काठावरच राहणे पत्करले, कर्ज काढून पाइपलाइनी टाकल्या, मोटारी बसवल्या आणि माळावर ऊस उभा केला. बॅकवॉटरच्या कडेने आज जी हिरवीगार उसाची पट्टी दिसते ती या लोकांनी स्वतःच्या खर्चाने ओढलेल्या पाण्यावर उभी आहे. धरण उणेत गेले की यांची धावपळ सुरू होते. पाणी दूर जाते तसे मोटारी पुढे सरकवायच्या, केबल वाढवायची, चाऱ्या खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. एप्रिल-मे महिन्यांत काठावर उभे राहिले तर चिखलातून आत आत गेलेले पाइप दिसतात, शेकड्यांनी.

पळसदेव महामार्गावरच आहे. आजचे गाव म्हणजे पुनर्वसन झालेले. जुने पळसदेव पाण्यात आणि त्याच्याबरोबर पळसनाथाचे मंदिरही. गावकऱ्यांनी देव नव्या गावात नव्या मंदिरात आणला, पण दगडाचे देऊळ तिथेच राहिले. एरवी पाण्याबाहेर फक्त शिखर दिसते आणि त्यावर पक्षी बसलेले असतात. धरण उणेत खोल गेले की मंदिर जोत्यासकट उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले आणि लोकांची रीघ लागली. चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवरून चालत सभामंडपात जाता येते. कोरीव खांब, बाजूला पडलेल्या वीरगळी, सतीशिळा. या गावी सापडलेला शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा शिलालेख मराठीच्या सुरुवातीच्या शिलालेखांत गणला जातो. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी इथे लेख कोरून ठेवावा एवढे हे ठाणे महत्त्वाचे होते. चाळीसहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा पाण्यात बुडून वर येणारे हे दगड अजून जोडलेले राहिले आहेत, हे बांधणाऱ्यांचे श्रेय. मात्र सांधे सुटू लागले आहेत, गाळ साचतो आहे, आणि पाणी उतरल्यावर येणारी गर्दी शिखरावर चढून फोटो काढते. निदान एवढे तरी व्हायला हवे की पुढच्या खेपेला मंदिर उघडे पडेल तेव्हा त्याची नीट मोजणी, आरेखन आणि छायाचित्रण सरकारी पुरातत्त्व खात्याने करून ठेवावे. त्याला फार पैसा लागत नाही. एक कोरडा मे महिना लागतो.

डिकसळचा जुना पूलही याच पाण्यातला. १८५८ च्या अखेरीस जीआयपी कंपनीची रेल्वे पुण्याहून डिकसळपर्यंत आली, पुढच्या वर्षी ती बार्शी रोडपर्यंत म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत गेली. भारतात रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. धरण झाल्यावर रुळांचा मार्ग हलवावा लागला आणि भीमेवरचा दगडी पूल मागे राहिला. त्यावरून इंदापूर आणि करमाळ्यामधली वाहने वर्षानुवर्षे गेली. बाकी ठिकाणी पलीकडे जायचे तर होडी. काठ जवळ दिसतो, पण रस्त्याने गेले तर फार मोठा वळसा पडतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुले होती. ती माणसे सहलीला आलेली नव्हती, रोजच्या वाटेने चालली होती. शिरसोडी आणि कुगाव यांना जोडणारा पूल आता मंजूर आहे. तो लवकर पुरा झाला पाहिजे. आणि पाहुण्यांनी एवढे लक्षात ठेवावे की हे पाणी शांत दिसते पण दुपारनंतर वारा सुटला तर त्यावर लाटा उठतात. अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नये, नावाडी आग्रह करो वा न करो.

पक्ष्यांसाठी आलेल्याने भादलवाडीचा तलाव चुकवू नये. भिगवणजवळचा हा लहानसा जुना तलाव. त्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत भरते. रोहित इथे पाहुणा आहे, चित्रबलाक घरचा. तो इथे घरटी करतो, पिल्ले वाढवतो. एकेका झाडावर डझनाने घरटी, खाली पाणी, वर सतत काटक्यांची आणि माशांची ने-आण. इंदापूर शहरात तर तहसील कचेरीच्या आवारातल्या जुन्या चिंचांवर चित्रबलाक राहतात. खाली सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी रांग लागलेली आणि वर पिल्लांचा कलकलाट. इंदापूरकरांनी या झाडांना आणि पक्ष्यांना त्रास होऊ दिला नाही, हे त्यांचे मोठेपण. इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांचे गाव. शिवाजीमहाराजांचे आजोबा इथल्याच लढाईत पडले.

आता थोडे दक्षिणेकडे, पाण्यापासून दूर. बारामती आणि इंदापूरच्या मधला माळ हा या सहलीचा बहुतेकांकडून सुटणारा भाग आहे. कडबनवाडी, शिरसुफळ, आणि तिकडे मोरगावच्या अंगाला सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य. हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्रफळ अवघे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, पण चिंकाऱ्यांसाठी राखलेले. सोनेरी वाळलेल्या गवतात चिंकारा उभा असेल तर तो हलेपर्यंत दिसत नाही. लांडगा, खोकड, तरस हे या माळाचे खरे रहिवासी. मेंढपाळ धनगरांचे कळप शतकानुशतके याच गवतावर चरत आले आणि लांडगा त्यांच्या मागोमाग राहिला; दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण दोघेही टिकले. सरकारदप्तरी मात्र अशा जमिनीला 'पडीक' म्हणायची सवय आहे. पडीक म्हटले की तिच्यावर झाडे लावायची, कारखाना काढायचा, नाहीतर पाइपने पाणी आणून ऊस लावायचा. वन खात्याने आता कडबनवाडी आणि शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. हा माळ वाचवण्याजोगा आहे असे सरकारने कबूल केले, एवढा तरी तिचा अर्थ आहे. हिवाळ्यात संध्याकाळी इथे आणि आसपासच्या ज्वारीच्या रानांत भोरड्यांचे थवे उतरतात. हजारोंचा थवा आभाळात वळतो, आकसतो, फुटतो, पुन्हा एक होतो. ज्वारी राखणारे गोफण फिरवतात. पाहणाऱ्याला मात्र मान खाली घालवत नाही.

बारामतीचे पाणी वेगळे. तिथे नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, भाटघरच्या पाण्याचा. शंभर वर्षे आधी पाणी आले म्हणून शंभर वर्षे आधी ऊस आला, गूळ आला, मग साखर कारखाने. त्याच कालव्याच्या पुढच्या टापूत कळंबला वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात ओसाड माळावर उसाचे मळे आणि कारखाना उभारला, तेच वालचंदनगर. पुढे तिथल्या यंत्रशाळेत इस्रोच्या अग्निबाणांची आवरणे तयार झाली. बारामती गावात मोरोपंतांचे वास्तव्य होते. पन्हाळ्याचे हे कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीला आले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. कऱ्हेच्या काठावरचा नाईकांचा वाडा पाहावा. मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन तर अष्टविनायकाच्या वाटेवर असतेच.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच मुलखातून जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरास्नान. पालखी इथून चालत असते त्या दिवसांत उजनी बहुधा वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या आसपास असते. तरी पंढरपुरात वारकऱ्यांना स्नान करता यावे म्हणून भीमेत पाणी सोडावे लागते, आणि ते उजनीतूनच सुटते. चंद्रभागेत उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या गुडघ्याएवढे पाणी उजनीचे.

इंदापूर तालुक्याच्या पार पूर्व टोकाला नीरा-नरसिंहपूर. इथे नीरा आणि भीमा मिळतात. धरणाची भिंत या संगमाच्या वर आहे, म्हणून इथली भीमा ही दरवाजांतून सुटलेली भीमा. इथल्या देवळातला लक्ष्मी-नरसिंह हे महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांचे कुलदैवत. घाटाच्या पायऱ्या, तटबंदीसारखी भिंत, खाली दोन नद्या. पुराच्या दिवसांत हीच जागा पंढरपूरकरांच्या काळजीची असते. वीर धरणातून नीरेत आणि उजनीतून भीमेत एकाच वेळी पाणी सुटले तर दोन्ही लोंढे इथे एक होतात आणि पुढे पंढरपूरच्या वाळवंटावर जाऊन आदळतात. उन्हाळ्यात मी इथे बसलो होतो तेव्हा दोन्ही पात्रांत वाळूत चालता येत होते. वाळू राहिली होती तेवढी. भीमेची वाळू यांत्रिक होड्यांनी उपसणारे रात्री येतात. महसूल खात्याची पथके त्यांच्या होड्या जिलेटिनने उडवतात, आणि काही दिवसांनी दुसऱ्या होड्या येतात.

उजनीच्या पाण्यावर हक्क कुणाचा, हा वाद धरणाच्या जन्माइतकाच जुना आहे. २०२१ मध्ये ५ टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवण्याचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. लाकडी-निंबोडी उपसा योजनेवरूनही तीच ओढाताण. इंदापूरचा शेतकरी म्हणतो, आमची गावे बुडाली आणि पाणी पुढे गेले. सोलापूरचा म्हणतो, धरण आमच्या दुष्काळासाठी बांधले. दोघेही खरे बोलतात, आणि म्हणूनच हा वाद आकड्यांनी मिटत नाही.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही काठांचे एकमत आहे. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. त्या शहरांचे सांडपाणी, धुतलेले आणि न धुतलेले, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. उन्हाळ्यात पातळी उतरली की पाण्याला हिरवट साय येते, वास येतो, जलपर्णी साचते. मासेमाराचे अंग खाजते. सोलापूर शहर हेच पाणी शुद्ध करून पिते, काठची गावेही. मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ९९० कोटींचा प्रकल्प २०१५-१६ च्या सुमारास मंजूर झाला, नवी अकरा शुद्धीकरण केंद्रे बांधण्याचा. दहा वर्षांत पुणे दुपटीने पसरले आणि केंद्रांचे काम रखडत रखडत चालले. रोहित चिखल गाळून खातो; त्या चिखलात आपण काय सोडतो आहोत हे त्याला कळत नाही, आपल्याला कळते.

पुण्याच्या वाचकांनो, जानेवारी-फेब्रुवारीत उजनीला अवश्य जा. पहाटे पोहोचा, कुंभारगावच्याच माणसाची होडी घ्या, त्याने मागितले ते पैसे घासाघीस न करता द्या. थवा उडवून फोटो काढण्यासाठी नावाड्याला होडी जवळ नेण्याची गळ घालू नका. अन्न सोडून उडालेल्या पक्ष्याला पुन्हा उतरायला बराच वेळ लागतो. पाण्यात प्लास्टिक टाकू नका. दुपारी गावात जेवा, पळसदेवला थांबा. आणि परत आल्यावर आपल्या नगरसेवकाला, आमदाराला एकच प्रश्न विचारा. आपल्या वॉर्डाचे सांडपाणी कुठल्या केंद्रात जाते आणि ते केंद्र आज चालू आहे का? उत्तर लेखी मागा. उजनीच्या काठावरची माणसे हा प्रश्न चाळीस वर्षे विचारीत आहेत, पण त्यांचे मत पुण्याच्या मतपेटीत पडत नाही. तुमचे पडते.